भिंगावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. तुम्ही मुंग्या पाहायला घेता तसले दांडीचे नव्हे. मी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्यात बसणारे, काळ्या नळीचे, अंगठ्याएवढे भिंग आहे. माझ्या कमरेला तारेचे कडे आहे. ते डोक्याभोवती अडकवले की माणसाचे दोन्ही हात मोकळे राहतात. दुसऱ्याने पाहायचे आणि मी मध्ये उभे राहायचे, एवढेच माझे जन्मभराचे काम. त्यात बोलण्यासारखे फारसे काही नव्हते. पण म्हातारपणी माझ्यावर एक आळ आला. तो कसा आला आणि कसा उतरला, हे सांगितल्याशिवाय मला स्वस्थ पडवत नाही. आता थकलो आहे, तेव्हा सावकाश सांगतो.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. काचेचे दोन जाडसर तुकडे ओल्या भुकटीवर घासून घासून गोल केले आणि एकमेकांना चिकटवून मला घडवले. घासणाऱ्या बाईने मला खिडकीपाशी धरले, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाली, "हे चांगलं निघालं." मग तिने मला कागदात गुंडाळून खोक्यात टाकले. अशा शाबासक्या पुढे फार मिळाल्या नाहीत. चष्म्याचे आणि भिंगांचे सारखेच असते. नीट दिसत असेल तर आमची आठवण कुणाला होत नाही.

खोक्यातून निघालो तो थेट घड्याळजीच्या हातात. तेव्हा तो तरुण होता आणि त्याचे दुकान नुकतेच उघडले होते. एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करणारा, आणि मध्ये एका खिडकीचे आमचे दुकान. टेबलाला चारी बाजूंनी उंच कड होती, स्क्रू घरंगळून जाऊ नये म्हणून. तरीही निसटलाच तर झेलायला टेबलाच्या कडेपासून त्याच्या मांडीपर्यंत एक कापड बांधलेले असे. दिवसभर तो त्या खिडकीशी वाकून बसे आणि मी त्याच्या उजव्या डोळ्यात. डावा डोळा मिटलेला. केसासारखी बारीक गोल कमान, तिळाएवढे स्क्रू, दात्यात अडकलेला धुळीचा कण, सगळे आम्ही दोघांनी मिळून पाहिले.

त्याला आपल्या नजरेचा भारी अभिमान. बाजारात सगळे त्याला घार म्हणत आणि तोही ते खपवून घेई. शेजारचा बेकरीवाला त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दुपारी भट्टी थंडावली की तो चहा घेऊन येई आणि म्हणे, "घारीला माझ्या पावातला खडा दिसतो, पण बायकोनं आणायला सांगितलेलं तेल दिसत नाही." घड्याळजी हसे, मला कपाळावर चढवी आणि तिथेच विसरून जाई. कितीदा तो मला कपाळावर घेऊनच घरी जेवायला गेला आहे. त्याच्या बायकोला सगळे काकू म्हणतात. ती वाढता वाढता म्हणे, "अहो, ते शिंग उतरवा आधी."

दिवस असे गेले. घड्याळे बदलली. लोक खिशातल्या फोनवर वेळ पाहू लागले आणि आमच्याकडे जुनी, जिवाभावाची घड्याळे तेवढी येऊ लागली. मला वाटले, आपण दोघे असेच हळूहळू म्हातारे होऊ.

मग एके सकाळी त्याच्या लघवीत रक्त दिसले. दुखत काही नव्हते, म्हणून त्याने ते अंगावर काढले. दुसऱ्यांदा दिसले तेव्हा काकूने त्याला ओढतच नेले. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. आधी शस्त्रक्रिया झाली, मग शिरेतून औषधे. त्यांनी त्याचा चेहरा मेणासारखा झाला. काही काळ रोग दबून राहिला आणि पुन्हा डोके वर काढू लागला. त्या दिवसांत आमच्या दुकानाची फळी उघडण्यापेक्षा बंदच जास्त असे.

शेवटी डॉक्टरांनी त्याच्या गाठीचा तुकडा खास तपासणीला पाठवला. तो निकाल ऐकायला गेला तेव्हाही मी कपाळावरच राहिलो होतो, म्हणून मला सगळे ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गाठीतल्या पेशींना 'वाढा' म्हणून सांगणारं एक बटण अडकून बसलंय. ही गोळी नेमकं तेच बटण बंद करते. ज्यांच्या गाठीत हा बिघाड सापडतो, त्यांनाच ही देतात. तुमच्यात तो सापडलाय."

"म्हणजे सगळं घड्याळ धुवायचं नाही, अडकलेला दाता तेवढा सोडवायचा," घड्याळजी म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याच्या बोलण्यात उत्साह होता.

इस्पितळातल्या औषधाच्या खिडकीत बसणाऱ्या ताईने मात्र तो उत्साह जरा खाली बसवला. सकाळपासून बोलून तिचा घसा बसला होता, पण तिने एकही गोष्ट गाळली नाही. "गोळी अख्खी गिळायची. चघळायची नाही, मोडायची नाही, कुटायची नाही. रोज साधारण त्याच वेळी. घेतल्यावर उलटी झाली तर लगेच दुसरी घ्यायची नाही, दुसऱ्या दिवशीची दुसऱ्या दिवशी. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन्ही मिळून नको. दुसरं कुठलंही औषध, अगदी काढासुद्धा, आम्हाला विचारल्याशिवाय नको. हिच्यानं रक्तात फॉस्फेट वाढतं, म्हणून रक्त तपासायला यायचं आणि दूध, चीज, दाणे बेतानं. नखं, तोंड, कातडी, काहीही बिघडलं की सांगायचं."

मग ती थांबली आणि तिने बोट वर केले. "आणि डोळे. त्यांना हसण्यावारी नेऊ नका. आधी तपासणी, नंतर दर महिन्याला तपासणी. कोरडे पडू नयेत म्हणून दिवसातून मधून मधून थेंब. धूसर दिसलं, डाग दिसला, सरळ रेघ वाकडी दिसली, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी फोन."

घड्याळजीने कपाळावरच्या माझ्याकडे बोट दाखवले. "ताई, माझे डोळे रोजच तपासले जातात. हा आहे ना."

ताईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तो काही फोन करणार नाही, काका."

खरे होते ते. मित्रांनो, मला सगळे दिसते, पण मला तोंड नाही.

पहिली डोळ्यांची तपासणी त्याने आज्ञाधारकपणे केली. एका चौकटीच्या कागदाकडे एकेका डोळ्याने पाहायला लावले, डोळ्यातल्या पडद्याचा फोटो काढला, सगळे ठीक निघाले. गोळी सुरू झाली. जेवण झाले की काकू ती बशीत काढून त्याच्या पुढे ठेवी आणि गिळेपर्यंत तिथेच उभी राही. डोळ्यात थेंब घालण्याचे कामही तिनेच घेतले. बेकरीवाला दाण्यांची बिस्किटे घेऊन आला तर तिने ती परत पाठवली. तो बिचारा रुसला. पण दुसऱ्या दिवशी साधा पाव घेऊन आलाच.

गोळीने त्रास दिला नाही असे नाही. तोंड सुकून जाई. तळहातांची कातडी सुटू लागली. नखे हळवी झाली, आणि घड्याळजीचे नख म्हणजे अर्धे हत्यार असते. पाठचे झाकण उघडायला त्याला आता पाते घ्यावे लागे. पण लघवीतले रक्त थांबले. फोटोत गाठ आक्रसलेली दिसली. त्या दिवशी काकू देवापुढे बसावे तशी औषधाच्या डबीपुढे बसून रडली. मी टेबलावरून पाहत होतो. माझ्यासारख्या काचेलाही गहिवरून आले, खोटे कशाला सांगू?

त्यानंतर डोळ्यांच्या पुढच्या तपासणीचा दिवस आला. घड्याळजी काकूला म्हणाला, "दुकानातूनच परस्पर जाऊन येतो." आणि गेला नाही. खिडकीशी बसून एका बाईच्या मनगटी घड्याळाचे चाक बसवत राहिला. स्वतःशीच पुटपुटला, "ज्याला केसाएवढी कमान दिसते, त्यानं चौकटी बघायला जायचं?" घरी गेल्यावर काकूने विचारले तेव्हा म्हणाला, "ठीक आहेत डोळे." तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? तिचा नवरा घार होता.

आता ऐका. माझ्यामागचा तो डोळा मला जसा ठाऊक आहे तसा कुणालाच नाही. एके दिवशी तो डोळा माझ्यातून पाहू लागला आणि अडखळला. काटा पाहण्यासाठी तो त्याच्या जरा बाजूला पाहू लागला. मधोमध काहीतरी राखाडी आले होते, ओल्या बोटाने पुसल्यासारखे. घड्याळजीने मला काढले, वाफ सोडली, सदऱ्याच्या टोकाने पुसले. पुन्हा लावले. पुन्हा काढले. स्पिरिटमध्ये बुडवले. मग मला टेबलावर आपटले आणि म्हणाला, "काच गेली."

मित्रांनो, इतकी वर्षे त्याच्या डोळ्यात राहून हे ऐकायचे! नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, त्यातले मी अंगण झालो. त्याने मला तुटक्या पट्ट्यांच्या डब्यात टाकले आणि नवे भिंग आणले. त्याच संध्याकाळी ते परत केले. दुकानदाराशी हुज्जत घालून आला, "हल्ली काचच धड बनत नाही." त्याच्यापेक्षा मी बरा, म्हणून मला पुन्हा डब्यातून काढले, पण आता तो मला परक्यासारखा वागवी. मला राग आला होता. पण त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण त्याला आता ओळीने ठेवलेले स्क्रूही नागमोडी दिसत होते.

तशातच बेकरीवाल्याने एक घड्याळ आणले. त्याच्या वडिलांचे होते. त्याची मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली होती आणि तिला ते द्यायचे होते. "काही बिघडलं नाहीये रे. नुसतं साफ कर. आजोबांचं म्हणून बरोबर नेणार आहे ती," तो म्हणाला.

घड्याळजीने काच काढली आणि मोठ्या काट्याकडे पाहिले. काटा मध्ये वाकलेला होता. म्हणजे त्याला तसा दिसत होता. माझ्या काचेतून तो काटा सुतासारखा सरळ जात होता, मी शपथेवर सांगतो. त्याने चिमटा घेतला आणि काटा सरळ करायला लागला. पाहिले, तर तरीही वाकडा. आणखी थोडा दाबला. मग दुसऱ्या बाजूने दाबला. मी नळीत बसून पाहत होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत एक चांगला काटा बिघडत होता. त्याचे हात थरथरत नव्हते. चिमटा नेहमीसारखाच अलगद चालला होता. तेच मला सर्वांत वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी बेकरीवाला घड्याळ न्यायला आला. काकूही तिथेच होती, डोळ्यात थेंब घालायला आलेली. बेकरीवाल्याने घड्याळ हातात घेतले, किल्ली दिली आणि काटे फिरवून पाहिले. मोठा काटा फिरता फिरता लहान काट्यावर अडकला.

"याला काय झालं रे?"

"काटा वाकडा होता. सरळ केला मी."

"वाकडा नव्हता."

"मला सांगतोस? मी भिंगातून बघितलाय."

"अरे, पोरीनं काल सकाळी फोटो काढलाय त्याचा. सरळ होता." बेकरीवाल्याचा आवाज चढला नाही. त्याने घड्याळ काकूपुढे धरले. "वहिनी, तुम्हीच बघा."

काकूने पाहिले. मग तिने असे केले जे इतक्या वर्षांत कधी केले नव्हते. नवऱ्याच्या कपाळावरून मला उतरवले, स्वतःच्या डोळ्याला लावले आणि ते घड्याळ जवळ आणून पाहिले. तिचा डोळा मला नवा होता. ओला होता, पण लख्ख होता.

"काच स्वच्छ आहे हो," ती हळू म्हणाली. "काटाच वाकलाय."

माझ्यावरचा आळ असा उतरला, मित्रांनो. पण मला आनंद झाला नाही. घड्याळजी खुर्चीत बसला होता आणि दोन्ही तळव्यांनी डोळे दाबून धरले होते.

"कधीपासून?" काकूने विचारले.

"झाले काही दिवस."

"तपासणीत नाही सांगितलंत?"

"गेलोच नाही मी."

काकूने टेबलाची कड धरली. बेकरीवाला दाराशी जाऊन उभा राहिला.

"सांगितलं तर गोळी बंद करतील," घड्याळजी म्हणाला. "तिच्यानं रक्त थांबलंय. गाठ लहान झालीय. दुसरं काही उरलंय का आपल्याकडे? म्हटलं, भिंगच खराब असेल. असू दे भिंगच खराब."

"आणि आंधळे झाला असतात तर मी कुणाला सांगायचं होतं, भिंगाला?" काकूने पदराने तोंड पुसले आणि फोन उचलला. औषधाच्या खिडकीतल्या ताईने पहिला प्रश्न विचारला, आजची गोळी घेतली का. अजून जेवण व्हायचे होते. "मग घेऊ नका. मी डॉक्टरांशी बोलते. तुम्ही आत्ताच डोळ्यांच्या विभागात या."

घाईत मी काकूच्या पिशवीत पडलो, म्हणून पुढचेही पाहिले. तोच चौकटीचा कागद पुढे आला. घड्याळजी म्हणाला, "मधल्या रेघा वाकल्यात. छापताना कागद हलला असेल." डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कागद फिरवून आडवा धरला. "आता?" वाकडेपणा कागदाबरोबर फिरला नव्हता. तो मध्येच, होता तिथेच होता. घड्याळजीने कागद स्वतःच्या हाताने पुन्हा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "कागद बरा आहे."

दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांखाली पाणी साचले होते, उजव्यात जास्त. औषधाचाच तो परिणाम होता. कॅन्सरच्या डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितली. घड्याळजीने खाली मान घालून विचारले, "म्हणजे संपलं?"

"थांबवली म्हणजे संपवली नव्हे," डॉक्टर म्हणाले. "पाणी ओसरलं तर कमी मात्रेत पुन्हा देता येते बऱ्याचदा. मात्रा कमी-जास्त करणं हे माझं काम आहे. पण तुम्ही लपवलंत तर मी कशावरून करणार?"

ते आठवडे फार जड गेले. गोळी नाही म्हणून रोगाची भीती, आणि डोळ्यांत पाणी म्हणून अंधाराची. काम बंद. काकू दुकानात बसून पट्टे आणि बॅटऱ्या विकत असे, घड्याळजी मागच्या बाकावर नुसता बसलेला. दर वेळी लघवीला जाऊन आला की काकू त्याच्या चेहऱ्याकडे पाही. बेकरीवाल्याची मुलगी घड्याळाशिवाय गेली. जाताना सांगून गेली, "काकांचे डोळे बरे झाले की त्यांनीच दुरुस्त करायचं. दुसऱ्याकडे द्यायचं नाही." घड्याळजीला हे सांगितले तेव्हा तो उठून मागच्या अंगणात गेला.

पाणी हळूहळू ओसरले. रेघा सरळ झाल्या. कमी ताकदीची गोळी सुरू झाली आणि गाठ अजून तरी वाढलेली नाही. पुढे काय, ते डॉक्टरही सांगत नाहीत. घड्याळजीने मोठा काटा बदलून मित्राचे घड्याळ चालते केले आणि मुलीला पाठवून दिले. आता तो एकही तपासणी चुकवत नाही, आणि तक्रारी तर इतक्या सांगतो की विचारू नका. नख दुखते, ओठ फुटला, जीभ चुरचुरते. काकू म्हणते, "कान किटले माझे." पण ऐकते सगळे, आणि सांगायचे ते ताईला सांगते.

मागच्याच महिन्यातली गोष्ट. सकाळी उजेडात तो कामाला बसला, मला डोळ्याला लावले आणि थांबला. मला पुसले नाही, आपटले नाही. मला काढून हळूच टेबलावर ठेवले. काकूने विचारले, "काय झालं?" तो म्हणाला, "थोडं धूसर वाटतंय." आणि स्वतः उठून फोन केला. दुकानाची फळी लावून दोघे गेले.

परत आले तेव्हा दोघांची तोंडे हसरी होती. डोळे ठीक होते. पडद्याखाली थेंबभर पाणी नव्हते. धूसर झालो होतो तो मीच. माझ्यात दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या आहेत. त्यांच्यामधला गोंद म्हातारपणी सुटतो आणि आत जाळे धरते. या वेळी दोष खरोखर माझा होता.

त्याने नवे भिंग आणले आहे आणि मी मऊ कापडात, डबीत पडून आहे. मला त्याचे दुःख नाही. आता मला विश्रांती हवीच होती.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अशी औषधे घेत असेल, तर त्यांच्यासाठी माझी एक विनवणी आहे. औषध चालू असताना शरीरात जे काही बदलेल ते लगेच सांगा, भीती वाटली तरी सांगा, भीती वाटते म्हणून तर आधी सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका आणि त्रास आपल्या मनाने सोसू नका. आणि एखाद्या दिवशी धूसर दिसले तर दोष भिंगाचा आहे की डोळ्याचा, हे स्वतः ठरवत बसू नका. भिंगाचा निघाला, तर एक फेरी फुकट जाईल. घड्याळजी म्हणतो, तितकी आनंदाची फेरी त्याने जन्मात मारली नव्हती.